मी अण्णांना माफ केलं

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून निघालेली नाही. अगदी ओठांवर आली होती — एकदा बहिणीजवळ, एकदा तर रिक्षात, ओळख ना पाळख अशा बाईजवळ — पण मी गिळून टाकली. आता तुम्हाला सांगते आहे. तुम्हालाच का, ते विचारू नका. मला खरंच माहीत नाही.

मी ब्लाउज शिवते. बडोद्याला, तरसालीत, घराच्या पुढच्या खोलीत. घरात मी आणि माझे वडील, अण्णा. आई गेली, बहीण लग्न होऊन पुण्याला गेली, मी लग्न केलंच नाही. ती वेगळी गोष्ट आहे आणि तिच्यात कबूल करण्यासारखं काही नाही. आमचे पूर्वज म्हणे इथल्या मराठी महाराजांच्या फौजेत होते. अण्णांकडे बघून कुणाला ते खरं वाटणार नाही, इतका मऊ माणूस. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी आपण होऊन माझ्याकडचं हुक लावायचं काम मागून घेतलं. खिडकीपाशी खुर्ची, नाकावर चष्मा, मांडीवर कुणा ना कुणा बेनचा ब्लाउज.

आणि मला एक आवाज ऐकू येतो. घाबरू नका — तुम्हालाही येत असेल. बाही जरा चढली, दूध उतू गेलं, की आतून लगेच: एक काम धड करशील तर शपथ! कधी कधी तर काही चुकलेलं नसतानाही. चुकेल म्हणून आधीच. एकदा एका नवरीचं रेशमी कापड समोर पसरलं, कात्री हातात घेतली, आणि हात हलेचना. सकाळची दुपार झाली. अण्णा दोनदा चहा ठेवून गेले. मी शेवटी कापड घडी घालून परत पाठवलं आणि मला बरं नाही म्हणून सांगितलं.

रंजनबेन माझ्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांनी हात धरून मला त्यांच्या सकाळच्या वर्गाला नेलं. बागेत सतरंज्या टाकून दहा-बारा बायका बसायच्या, मीताबेन शिकवायच्या, सगळं गुजरातीत. डोळे मिटायचे, श्वासाकडे लक्ष द्यायचं. मन काय बोलतं ते नुसतं ऐकायचं, त्याच्याशी भांडायचं नाही. मग मैत्रिणीला जे बोललो असतो, ते स्वतःला बोलायचं. पहिल्यांदा मला हसू आलं. स्वतःलाच "होतं असं, सावकाश कर" म्हणायचं? पण खोटं कशाला बोलू — उपयोग होत होता.

खोटं मी पुढे बोलले.

एके दिवशी मीताबेनांनी विचारलं, हा आवाज कुणाचा आहे ते ओळखा. एकेक बाई सांगू लागली. कुणाची सासू, कुणाचा नवरा, कुणाच्या शाळेतल्या गणिताच्या बाई. रंजनबेन रडल्या. सगळ्यांना कुणी ना कुणी होतं! माझी पाळी जवळ येत होती आणि मी आत शोधते आहे, शोधते आहे — कुणीच सापडेना. आई? ती तर कौतुकानं वेडी व्हायची. मग एवढी रडारड कुणाच्या नावानं करत होते मी? लाज वाटली, एवढं आठवतं. सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले आणि मी म्हणाले, "मारा पप्पानो." माझ्या वडिलांचा.

पाठीवर एक हात आला. मग दुसरा. किती बरं वाटलं म्हणून सांगू! त्या बरं वाटण्यासाठी मी पुढच्या वेळी आणखी सांगितलं. दहावीच्या निकालाच्या दिवशी अण्णा काय बोलले, पहिला फ्रॉक शिवला तेव्हा काय बोलले. खरं तर तो फ्रॉक अण्णा पिशवीत घालून खंडेराव मार्केटला घेऊन गेले होते, भाजीवाल्यांना दाखवायला. हे मी नाही सांगितलं.

दर शनिवारी वर्गानंतर एकीनं नाश्ता आणायचा, अशी तिथली रीत. माझा शनिवार आला आणि मी डबा घरीच विसरले. आणि अण्णा तो घेऊन बागेत आले. पोहे त्यांनीच केले होते, वर शेव, लिंबाच्या फोडी वेगळ्या बांधलेल्या. कुणी डब्याला हात लावेना. मग रंजनबेन उठल्या आणि अगदी नम्रपणे — त्यात तिखट काही नव्हतं — म्हणाल्या, "काका, दीकरीने आवुं ना बोलाय." मुलीला असं बोलू नये. आणि काय बोलू नये तेही त्यांनी सांगितलं, माझेच शब्द, माझ्या मोडक्या गुजरातीतले.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी सतरंजीकडे पाहिलं. एक वाक्य पुरलं असतं. तेव्हा, तिथे, एकच. अण्णा रंजनबेनकडे वळून म्हणाले, "हा बेन, बोलाई गयुं हशे."

बोललो असेन.

घरी आल्यावर त्यांनी एकदाच विचारलं. "कधी बोललो गं मी? मला आठवत नाही. पण तुला लागलं असणार." आणि मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "जाऊ दे अण्णा. झालं गेलं." मी त्यांना माफ केलं! वर्गात शिकवलं होतं तसं, शांत आवाजात, श्वास सोडत. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग काही दिवसांनी — आठवडा असेल, जास्त असेल — अण्णांनी हुक उलट्या पट्टीवर लावले. सगळे उसवायला लागणार होते. मी मशीन थांबवलं आणि बोलले, "एक काम धड कराल तर शपथ!" आणि ऐकलं. वर्गानं कान तयार केला होता ना. तोच सूर, तोच झटका शेवटाला. अण्णा खाली मान घालून उसवायला लागले, सवयीनं. सवयीनं! म्हणजे मी हे त्यांना रोज बोलत होते. आई गेल्यापासून बोलत असेन. आधी मी त्यांना बोलायला लागले की आधी स्वतःला? मला सांगता येत नाही. मला हे वर्गात, त्या पहिल्या दिवशी, माहीत होतं का? कधी वाटतं नव्हतं. कधी वाटतं होतं, आणि म्हणूनच अण्णांचं नाव इतक्या पटकन आलं. पण ज्यानं ते शब्द ऐकले, त्याच्याच नावावर मी ते मांडले, एवढं तरी नक्की.

त्यांना मी आता बोलत नाही. जीभ चावते, श्वास घेते. आतला आवाजही पुष्कळ खाली आला आहे. परवा एक बनारसी शालू आला, त्याचा ब्लाउज मी एका बैठकीत कापला. अण्णा प्रत्येक ब्लाउज उचलून बघतात आणि म्हणतात, "छान झालाय. फार छान." चुकलेल्यालाही म्हणतात. मला बरं वाटतं. अजून बरं वाटतं. आणि गेल्या दिवाळीत बहीण आली तेव्हा ते तिला सांगत होते, "हिला मी लहानपणी फार बोललो गं." त्यांनी त्यात निकालाचा दिवसही घातला. बहीण चकित होऊन माझ्याकडे बघत राहिली. मी करंज्यांचं ताट घेऊन आत गेले.

आज सकाळी मी चहा गाळत होते. अण्णा खिडकीपाशी सुई ओवत होते, दोरा जात नव्हता. त्यांना वाटलं मला ऐकू येत नाही. अगदी हळू, स्वतःशीच, ते म्हणाले, "एक काम धड करशील तर शपथ." माझ्या सुरात.

मी गाळणं ठेवलं, बाहेर गेले, त्यांच्या हातातून सुई घेतली आणि दोरा ओवून दिला.

"छान," अण्णा म्हणाले. "किती पटकन ओवलास."

मी ते ऐकून घेतलं आणि मशीनवर जाऊन बसले.