अर्धा इंच सैल

मी पीएचडी केली आहे. म्हणजे केली आमच्या वरच्या खोलीतल्या अक्कानं, मी ती बुडवायला निघालो होतो.

माझं शिक्षण तिसरीपर्यंत, तेही तिसरीत दोनदा बसून. मल्लेश्वरमला आमचं शिवणकामाचं दुकान. पुढं दुकान, मागं घर, वर एक खोली. बंगळूरात आमच्या किती पिढ्या गेल्या ते माझ्या बापालाही ठाऊक नव्हतं, पण घरात मराठीच. म्हणून नव्वदीच्या सुरुवातीला नागपूरची एक मुलगी मराठी घर शोधत आली, तेव्हा बायकोनं लगेच वरची खोली उघडून दिली. वयानं ती लहान, पण शिकलेली, म्हणून मी तिला अक्का म्हणायचो. ती मला अण्णा म्हणायची, कारण सगळी गल्लीच म्हणायची.

"कसलं शिकताय, अक्का?" मी एकदा विचारलं.

"गल्लीतली माणसं एकमेकांवर किती विश्वास ठेवतात, त्यावर पीएचडी आहे."

"मग पाच मिनिटांत सांगतो की!"

ती हसली. तिला गुरू दोन होते. एक मनाचे सर, एक समाजाचे. मनाचे सर म्हणायचे, माणसाच्या डोक्यात काय चाललंय ते विचार. समाजाचे म्हणायचे, डोकं सोड, गल्ली बघ. एका कापडाला दोन कटर! मला तिची फार दया यायची.

गल्लीतल्या आमच्या मराठी लोकांच्या चाळीस घरांत तिला फॉर्म भरून घ्यायचे होते, तेही उन्हाळा संपायच्या आत. नाहीतर शिष्यवृत्तीची मुदत संपणार आणि तिला सगळं सोडून नागपूरला परत जावं लागणार. आणि आमची माणसं तिला दारातूनच वाटेला लावत होती. मी छाती पुढं काढली. "सगळी माझी गिऱ्हाइकं. द्या इकडं ते फॉर्म."

घराची किल्ली शेजाऱ्याकडं ठेवाल का, अडचणीत शेजाऱ्याकडं जाल का, असे प्रश्न. प्रत्येकापुढं पाच चौकोन. कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बरेचदा, नेहमी. अक्षरं जुळवायला मला वेळ लागायचा, पण चौकोन मोजता येत होते.

आता शिंप्याची सवय सांगतो. गिऱ्हाईक कंबर चौतीस म्हणून पोट आत ओढतं. आपण काही बोलायचं नाही. गुपचूप अर्धा इंच सैल ठेवायचं. घरी जाऊन ते जेवतं, आणि आपल्याला दुवा देतं. तीस वर्षं हेच केलं. तेच फॉर्मात केलं. कुणी "क्वचित" म्हणालं की मी "कधीकधी"वर खूण करायचो. "कधीकधी" म्हणालं की "बरेचदा". शेवटी आमच्या लोकांची अब्रू दोन सरांपुढं जाणार होती! फक्त मेव्हण्याच्या फॉर्मात मी एक चौकोन मागं गेलो. ते वेगळं प्रकरण.

पंधरा दिवसांत चाळीस फॉर्म दिले. अक्कानं ते माझ्या कापायच्या टेबलावरच पसरले. बघता बघता तिचा हात थांबला.

"अण्णा, हा समोरच्या अज्जींचा ना?"

"हो."

"यांचा शेजाऱ्यांवर नेहमी विश्वास?"

"थोर बाई."

"त्या पाण्याच्या पिंपाला कुलूप लावतात, अण्णा. मी रोज खिडकीतून बघते."

मग मी सगळं सांगून टाकलं. मेव्हण्याचंही.

ती स्टुलावर बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. "अण्णा, मला माप हवं होतं," एवढंच म्हणाली. "तुम्ही शिवूनच आणलं." आणि डोळे पुसत वर गेली.

बायकोनं माझ्यापुढं कॉफी आपटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का नवे कोरे फॉर्म घेऊन खाली आली. "चला अण्णा. तुमच्याशिवाय दार उघडत नाहीत. पण विचारणार मी."

मला वाटलं होतं, ही आता दुसरं घर बघणार. पण तिनं मलाच बरोबर घेतलं.

आम्ही परत चाळीस घरं हिंडलो. प्रत्येक दारात आधी मी माझा पराक्रम सांगायचा, ही तिची अट. लोक पोट धरून हसायचे, आणि हसलेला माणूस पुढं खरं बोलायचा. ती विचारायला लागली की मी टाचण्या ओठांत धरून कुणाचा तरी पडदा दुमडत बसायचो. टाचण्या तोंडात असल्या की शिंप्याला मध्ये बोलता येत नाही. तीन वेळा टोचल्या. तीन वेळा मी बोलणार होतो.

अज्जी मला पहिल्या वेळी "बरेचदा" म्हणाल्या होत्या. आता म्हणाल्या, "विश्वास? या गल्लीत? स्वल्पसुद्धा नाही. लिही, कधीच नाही." आणि अक्कानं तसंच लिहिलं. मग अज्जींनी पिंपाचं कुलूप काढून आम्हाला पाणी दिलं. अक्कानं तेही लिहून घेतलं.

मुदत संपायला चार दिवस असताना काम पुरं झालं. ती सांगत होती, दोन्ही सर पहिल्यांदा एकाच गोष्टीवर एकमतानं हसले. ती गोष्ट मी.

पुढं दोन वर्षांनी ती जाडजूड पुस्तक घेऊन दुकानात आली. पहिल्याच पानावर आभार होते. तिनं इंग्रजी वाचून मराठीत सांगितलं: ज्यांच्यामुळं माझ्यासाठी दारं उघडली आणि मला माप घेणं म्हणजे काय ते कळलं, ते आमचे टेलर अण्णा, त्यांच्याशिवाय हे काम झालं नसतं.

मी काही बोललो नाही. तोंडात टाचण्या नव्हत्या, तरी.

मग पुस्तक उचललं आणि थेट समोर अज्जींकडं गेलो. पानावर बोट ठेवून सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा लावला, पान उलटंसुलटं बघितलं, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"सरी, बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पोरगी तुझ्याकडून शिकली म्हणायची. अर्धा इंच सैल ठेवलंय. इतकं माप नाही रे तुझं."