गाठीला झाड

बोडक्या केलेल्या टेकडीवर चष्मेवाल्यांनी पुन्हा झाडं का लावली, याची नोंद वनखात्याच्या फॉर्मवर आहे: 'जमिनीची धूप थांबवण्यासाठी.' फॉर्म त्यांनीच भरला, त्यामुळे अक्षर सुबक आहे.

टेकडीवरचं रान वडिलांनी लावलेलं. मालकी चष्मेवाल्यांची आणि त्यांच्या थोरल्या बहिणीची, ताईंची. चष्म्याच्या दुकानातला सगळ्यात जाड काचेचा चष्माही ताईंच्या नजरेपुढे हरला, त्याच वर्षी चष्मेवाल्यांनी त्यांचं बोट कागदावरच्या जागेवर टेकवून सही घेतली. "विरळणी आहे फक्त. चारातलं एक झाड काढायचं."

तेव्हा ते खरं होतं. मग ठेकेदार म्हणाला, "एवढ्यासाठी यंत्र वर चढवायचं? सगळंच काढू की." चष्मेवाले भिडस्त. आपल्या घरचा चहा प्यायलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? भीड भिकेची बहीण म्हणतात. इथे उलट पैसे आले. अकरा दिवसांत टेकडी साफ.

ताईंना कळवायचं राहिलं. सात महिने राहिलं. रात्रीची झोप गेली, तेव्हा चष्मेवाल्यांनी रोपं मागवली. खालच्या दोन-तीन रांगा लावून झाल्या आणि ताई दारात हजर. "चल, रान दाखव."

दिसत नसलेल्या माणसाला रान दाखवणं सोपं, अशी चष्मेवाल्यांची समजूत होती.

वर पोचल्यावर ताईंनी त्यांचा हात सोडला. लहानपणी वडील दर आठ फुटांवर गाठ मारलेली दोरी ताणायचे. दुसरं टोक ताईंकडे. गाठीला झाड. ते अंतर ताईंच्या पायांत होतं. चार पावलं चालून त्यांनी हात पुढे केला. हवा. आणखी चार. हवाच.

"बारक्या, मला दर वेळी नेमकं चौथंच झाड कसं रे भेटतंय?"

चष्मेवाल्यांनी चष्मा काढून पुसला.

"सगळी?"

"सगळी."

ताई वळून एकट्याच उतरू लागल्या. खालच्या रांगांत पायाशी काहीतरी लागलं म्हणून बसल्या. रोप चाचपलं. तिथून वीत वीत मोजत पुढच्या रोपापर्यंत सरकल्या.

"कशानं मोजलंस?"

"अंदाजानं."

"तरीच. दोरी आण."

दोरी घरी माळ्यावर होती, ती आणली. ताईंनी एक टोक मुठीला गुंडाळलं. दुसरं घेऊन चष्मेवाले चढू लागले. रोपांचं रान व्हायला तीस वर्षं लागतात, ताई अठ्ठ्याहत्तरच्या. ते अर्ध्यात थांबले.

"ताई, मी तुला—"

"ढिली पडतेय," खालून आवाज आला. "ओढ."