पिवळं नोझल

सगळ्या खानदेशात लाइट गेल्यावर पंख्याऐवजी प्रिंटरकडे धावणारा माणूस एकच, आणि तो जळगावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसतो. मूळचे भडगावचे. सगळे त्यांना नाना म्हणतात, मीही म्हणतो. त्यांच्या दुकानातला रंगीत प्रिंटर जुना, मेणाच्या शाईचा. ही शाई साबणासारख्या घट्ट वड्यांमध्ये मिळते, यंत्राच्या पोटात वितळते आणि बारीक नोझलांतून कागदावर पडते. यंत्र थंड झालं की मेण गोठतं आणि पुन्हा तापवताना बरीच शाई वाया जाते, म्हणून नाना ते कधी बंदच करत नाहीत. त्यासाठी दुकानात दोन इन्व्हर्टर आहेत, घरात एकही नाही. मे महिन्यात सगळ्या जळगावाचा जीव नकोसा झालेला असताना नाना त्या तापलेल्या यंत्राला खेटून मजेत बसलेले असतात. धुळ्याला लेकीकडे गेले तरी रात्रीच्या जेवणाला थांबत नाहीत, कारण यंत्र एकटं आहे. नानी गेल्यापासून घरी नानाही एकटेच आहेत, पण ते त्यांच्या बोलण्यात येत नाही. यंत्राची चौकशी केली तर मात्र तासभर बोलतात.

या दुकानात घाईचं काम घेऊन जाणाऱ्याची खैर नसते. काम सांगितलं रे सांगितलं की नाना यंत्राच्या झाकणावर हात ठेवून म्हणतात, "बठा, नोझल चोक व्हयी गयं. कसानी घाई शे?" मग साफसफाईचं बटण दाबलं जातं, चहा येतो, चाचणीचं एक पान निघतं. डॉक्टरने एक्स-रे बघावा तसं ते दारातल्या उजेडात धरून नाना निकाल देतात: निळं ठीक, लाल ठीक, काळं ठीक, पिवळ्याची एक रेघ तुटतेय. पुन्हा बटण, पुन्हा गप्पा. असोद्याचा एक केळीवाला टेम्पो चालूच ठेवून खोक्यांची लेबलं छापायला आला होता. तो निघाला तोवर त्याच्या मुलीला कुठलं स्थळ आलंय आणि तिला ते का पसंत नाही, हे सगळं नानांना पाठ झालं होतं. मला एवढंच कळत नसे की तुटते ती पिवळीच रेघ का. पांढऱ्या कागदावरची ती बारीक पिवळी रेघ मला कधी दिसलीच नाही, तुटलेलीही नाही आणि धडही नाही. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून मी गप्प बसे.

मी स्वतः तिथे जरा जास्तच जायचो. बायको आणि मुलं शिक्षणापायी पुण्याला, मी इथल्या शाळेत मास्तर. संध्याकाळी खोलीचं कुलूप उघडावंसं वाटत नसे, मग शाळेचं एखादं पान छापायला काढायचं.

मागच्या वर्षी कागद ओढणारा रोलर बिघडला आणि धुळ्याहून इंजिनिअर आला. नाना चहा सांगायला गेले तेव्हा मी त्याला पिवळ्या नोझलचं विचारलं. तो म्हणाला, सगळी नोझलं ठणठणीत आहेत, चोक कधी झालेलीच दिसत नाहीत. मग खालचा ट्रे ओढून त्याने मेणाचा ढीग दाखवला.

"उगाच साफ करून करून शाई घालवली यांनी. ही शाई आता बनत नाही. कपाटात आहे तेवढीच. सांगा त्यांना."

वडीचा तुकडा पडला तर वाकून उचलणारे नाना, माणूस पाव तास बसावा म्हणून शाई ओतत होते. नाना परत येताना दिसले तसा मी ट्रे आत ढकलला आणि इंजिनिअरलाही यातलं काही बोलू दिलं नाही.

शाई वाचावी म्हणून पुढच्या वेळी मी कागदाशिवाय गेलो. ते काही जमलं नाही. कामाशिवाय माणूस आपल्याकडे बसेल हे नानांना खरंच वाटेना. ते अवघडले, माझा वेळ मोडतोय म्हणाले आणि त्यांनी चहाआधीच मला वाटेला लावलं. तेव्हापासून मी पुन्हा पानं नेऊ लागलो.

परवा गेलो तर यंत्राचा दिवा बंद होता. दुकान पहिल्यांदाच गार लागलं. नाना झाकणावर हात ठेवून बसले होते.

"शाई सरी गयी, सर. आते तुम्ही कसाले बठशात?"

मी पिशवीतून कोरा कागद काढून त्यांच्या हातात दिला. म्हटलं, "नाना, पिवळं चोक झालंय वाटतं. साफ होईपर्यंत बसतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग उठून दारात गेले, तो कोरा कागद उजेडात धरला आणि बराच वेळ बघत राहिले.

"हा," ते म्हणाले, "पिवळंच शे."

आणि तसेच चहा सांगायला गेले.