हरकत नोंदवणाऱ्या सुमनताई

सुमनताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी आर्वीच्या डेपोत वर्ध्याच्या एसटीत चढत होते. भावाकडे दोन दिवस राहून परत निघाले होते आणि या वेळी वाटेत वर्ध्याजवळ नालवाडीला ताईंकडे जायचंच, असं ठरवलं होतं. आजारपणात त्या तिथे मुलाकडे राहायला गेल्या होत्या. फोन त्याचाच होता. "मावशी, आई सकाळी गेली," एवढंच तो म्हणाला. महिनाभर मी जाते, जाते म्हणत होते... बस तीच होती, रस्ताही तोच. आता घाई कशाची करायची, ते मात्र कळत नव्हतं.

आमच्या छोट्या शहराच्या नगरपरिषदेत सुमनताई थूल आणि मी एकाच वेळी निवडून आलो. त्यांची सगळी नोकरी समुद्रपूरकडच्या खेड्यांत नर्स म्हणून झालेली. मी शेतकऱ्याच्या घरची सून. जागा बायकांसाठी राखीव झाली म्हणून पक्षानं उभी केलेली. पहिल्या सभेला माझे यजमान माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसले, जणू निवडून तेच आले होते. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. सुमनताई उठल्या आणि अगदी हळू आवाजात त्यांना म्हणाल्या, "भाऊ, लोकायनं वंदनाले निवडून देल्लं. तुमी बाहेर चहा घ्या, सभा झाली का तिले पाठवतो." यजमान गेले. ताई त्या रिकाम्या खुर्चीत बसल्या आणि पुढे पाचही वर्षं तिथेच बसल्या. त्या विरोधी गटाच्या आहेत, हे मला दुसऱ्या सभेत कळलं.

ताईंच्या वॉर्डात, कापसाच्या जुन्या जिनिंग कारखान्यामागे, बगीच्यासाठी राखून ठेवलेली मोकळी जागा होती. तिथे काटेरी झुडपांशिवाय काही नव्हतं. बगीच्याला निधी आला तसा आमच्या गटानं तो मुख्य चौकाच्या सुशोभीकरणाकडे वळवायचा घाट घातला. ताई सभागृहात म्हणाल्या, "बायायची शुगर वाढली का मी त्यायले चालाले सांगतो. पण चालाव कुठं त्यायनं? एकदा पहाटं येऊन पाहा." सगळे हसले. दुसऱ्या दिवशी मी एकटीच गेले. पाच वाजता पंधरावीस बायका महामार्गाच्या कडेनं एकीमागे एक चालत होत्या. ट्रक जवळून गेला की सगळ्या पदर धरून थांबत, मग पुन्हा चालू लागत. त्यांतल्या एकीला मागच्याच महिन्यात मोटरसायकलनं उडवलं होतं. ती काठी टेकत मागून येत होती. तरी येत होती.

पुढच्या सभेत मी बगीच्याच्या बाजूनं हात वर केला. माझ्याकडे पाहून आमच्याच गटाच्या आणखी दोघींनी केला. बगीचा मंजूर झाला. ताईंनी टेबलाखाली माझा हात घट्ट धरला... पण सभा संपली नव्हती. राज्य सरकारच्या एका नव्या कायद्याचा मसुदा आला होता आणि त्यावर नगरपरिषदेचा अभिप्राय द्यायचा होता. बगीचे, मैदानं अशा राखीव जागा गावाला न विचारता दुसऱ्या कामाला देता येतील, असं त्यात एक कलम होतं. पाठिंब्याचा ठराव तयारच होता. ताई उठल्या. "आत्ता बगीचा मंजूर केला. अन् आता त्याची जागा काढून न्याची परवानगी देऊन राह्यले. हे मले समजावून सांगा कोणी." गटनेत्यानं वळून माझ्याकडे पाहिलं. मी हात वर केला, पाठिंब्यासाठी. विरोधात एकट्या ताई होत्या.

जिन्यात मी त्यांना टाळून निघाले होते. त्यांनीच हाक मारली. "काऊन खाली पाहून राह्यली? आज तुह्याकडून नाई झालं. होते असं. उद्या घरी येजो, काम आहे."

गेले. मसुद्यावर कोणत्याही नागरिकाला हरकत पाठवता येते, हे त्यांनी शोधून काढलं होतं. लिहायला त्यांनी मला बसवलं. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. महामार्ग, ट्रक, काठीवाली बाई, सगळं आलं. त्यांनी सही केली आणि कागद घडी घालायला घेतला. "थांबा," मी म्हटलं आणि खाली माझीही सही केली. ताईंनी ती सही वाचली, मग उठून चहा टाकला.

ती बातमी पक्षात पोचलीच. पुढच्या निवडणुकीत मला तिकीट मिळालं नाही. मसुद्याचं काय झालं, ते आम्हाला कधी कुणी कळवलं नाही. बगीचा मात्र झाला. कडुलिंबाची रोपं लागली, चालायला गोल वाट झाली.

त्या वाटेवर सगळ्या बायका एका दिशेनं चालतात. ताई मुद्दाम उलट्या दिशेनं चालायच्या. पाठमोऱ्या माणसाची तब्येत कशी कळणार, असं त्यांचं म्हणणं. प्रत्येक फेरीत त्या प्रत्येकीला समोरून भेटायच्या, चेहरा पाहायच्या, कुणाला पायाची सूज विचारायच्या, कुणाला गोळीची आठवण द्यायच्या. दोन महिने झाले त्यांना जाऊन. मी अजून रोज जाते. सगळ्यांबरोबर, सगळ्यांच्या दिशेनं. बोअरवेलजवळ वाट वळते तिथे आम्ही सगळ्याच, का कोण जाणे, जरा कडेला होतो, समोरच्या माणसाला जागा द्यावी तसं... आणि कुणीच येत नाही.