फाटक्या नकाशांची यादी

कॉलेजच्या ग्रंथालयात जिन्याखाली एक खोली आहे. दारावर ‘ग्रंथ दुरुस्ती विभाग’ अशी भारदस्त पाटी आहे, पण विभागात माणूस एकच, आणि त्या माणसाला सगळं कॉलेज खळबाई म्हणतं. टेबलावर पिठाच्या खळीचं वाडगं कायम असतं म्हणून हे नाव पडलं. प्राध्यापकही तोंडावर तेच म्हणतात आणि बाईही खुशाल ओ देतात. बाईंचं शिक्षण म्हणाल तर शाळा संपली तिथेच संपलं. पण पुस्तकाचा कणा मोडलाय की नुसता दुखावलाय, हे पुस्तक हातात घेताक्षणी सांगावं तर त्यांनीच. त्यात त्यांना कधी कोणी खोटं पाडलं नव्हतं. निदान त्या आठवड्यापर्यंत तरी नव्हतं.

त्या रविवारी बाईंच्या घरी जेवणाच्या टेबलावर सभा भरली. विषय एकच, लेकीने कुठे शिकायचं. लेकीला भूगर्भशास्त्रात पुढे शिकायचं होतं आणि दोन विद्यापीठांनी तिला प्रवेश दिला होता. शुक्रवारपर्यंत एकाला हो कळवायचं होतं. सभेला बाईंचे धाकटे दीर छापील यादी घेऊन हजर होते. दीर एका मोठ्या कंपनीत नोकरभरतीचं काम बघतात आणि घरात पदवी मिळवलेले ते पहिले, त्यामुळे शिक्षणाच्या गोष्टीत त्यांचा शब्द शेवटचा असतो, असं निदान त्यांचं मत आहे.

“हे बघा वहिनी,” दिरांनी यादीवर बोट ठेवलं, “एक विद्यापीठ पहिल्या नंबरावर आहे आणि दुसरं अकराव्या. मग चर्चा कसली करायची?”

“नंबर लावतात तरी कसा?” बाईंनी विचारलं.

“शोधनिबंध किती, प्राध्यापक किती, बाहेर नाव किती. सगळ्याला मार्क असतात.”

“जेवणाला नाहीत का?” बाईंचे यजमान म्हणाले. ते वायरमन. “आणि हॉस्टेलच्या वायरिंगला? मी एका हॉस्टेलात काम केलंय. तिथे पोरं जिवंत राहतात हेच नवल.”

“दादा, थट्टा नको. आमच्याकडे अर्ज आला की साहेब आधी कॉलेजचा नंबर बघतात, नाव मागाहून.”

बाई उठल्या आणि पिशवीतून जाड वही घेऊन आल्या. ती त्यांनी शनिवारीच ऑफिसातून मुद्दाम आणली होती, म्हणजे सभेची तयारी दोन्ही बाजूंनी झाली होती.

वहीचं असं आहे. कॉलेजात जी पुस्तकं नाहीत ती मोठ्या विद्यापीठांकडून उसनी मागवतात, आणि कधीमधी इथली पुस्तकंही तिकडे उसनी जातात. पुस्तक आलं की आधी बाईंच्या टेबलावर जातं. कुठलं पान फाटलंय, कुठे डाग पडलाय, हे बाई वहीत टिपून घेतात, नाहीतर परत करताना आधीचं फाटकं आपल्या माथी यायचं. अशी बावीस वर्षं टिपणं चाललीत. आता भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत मागे मोठमोठे घडीचे नकाशे असतात. नकाशा उघडला की घडीवर ताण येतो, आणि पाच-पन्नास हातांनी उघडला की घडी फाटतेच. न फाटलेला नकाशा म्हणजे न उघडलेला नकाशा, हा बाईंचा हिशेब.

“पहिल्या नंबरकडून या विषयाची एकशे अठरा पुस्तकं आली,” बाई वाचू लागल्या. “फाटलेले नकाशे तीन. अकराव्याकडून चौऱ्याहत्तर आली, त्यातले एकावन्न नकाशे फाटलेले, कोपऱ्यात पेन्सिलीच्या खुणा, दोनांवर चहाचे डाग. आता तुम्हीच सांगा भावजी, अभ्यास कुठे होतो?”

दिरांनी यादी उलटी करून ठेवली. यजमान खो खो हसले. लेक मात्र हसली नाही. ती वहीची पानं उलटत राहिली आणि शेवटी म्हणाली, “मला आईची यादी पटते. मी अकराव्यालाच जाणार. शुक्रवारी कळवून टाकते.”

बाईंना आकाश ठेंगणं झालं. लग्न होऊन आल्यापासून त्या घरात शिक्षणाचा विषय निघाला की त्या वाढायला उठायच्या. आज पहिल्यांदाच त्यांच्या बोलण्यावर एक अख्खा निर्णय उभा राहिला होता, आणि तोही लेकीच्या आयुष्याचा.

बुधवारी पहिल्या नंबरच्या विद्यापीठाकडून एक पुस्तक आलं. भूगर्भशास्त्राचंच होतं. एरवी बाईंनी नकाशा उलगडला असता, वहीत ‘ठीक’ लिहिलं असतं आणि पुस्तक वर पाठवलं असतं. पण रविवारी छाती ठोकून बोलल्या होत्या, म्हणून आज जरा जास्तच डोळ्यांत तेल घालून बघावंसं वाटलं. खोलीत एक काच आहे, तिच्याखाली दिवा आहे. आपल्या ग्रंथालयाची पुस्तकं जोडताना बाई ती वापरतात. उसन्या पुस्तकाला कधी तिच्यावर ठेवलं नव्हतं, कारण परक्याचं पुस्तक दुरुस्त करायचं नसतं, मग तपासायचं कशाला? आज नकाशा काचेवर पसरला आणि दिवा लावला.

प्रत्येक घडीवर एक फिकट पट्टी उमटली. कांद्याच्या सालीहून पातळ कागद, कडा कात्रीने न कापता हाताने ओढून विरळ केलेल्या, म्हणजे बोटालाही चढ लागू नये. एका पट्टीखाली दुसरी होती आणि मधल्या घडीवर तर तिसरीही. बाईंनी पुस्तकाचं पहिलं पान उघडलं. खरेदीचा शिक्का सहा वर्षांपूर्वीचा होता. सहा वर्षांत तीनदा फाटलेला नकाशा, आणि कोणीतरी तो तीनदा असा जोडला होता की बावीस वर्षं हेच काम करणाऱ्या बाईला नुसत्या डोळ्यांनी पत्ता लागू नये!

बाई स्टुलावर बसल्या. वहीतले एकशे पंधरा ‘ठीक’ त्यांच्या डोळ्यांसमोर आले. त्यातले खरे किती आणि या हाताने जोडलेले किती, देव जाणे. आधी राग आला, स्वतःचाच. मग मनात हिशेब सुरू झाला. गप्प बसलं तर कोणाला काही कळणार नव्हतं. लेक अकराव्याला गेली असती, तेही काही वाईट नव्हतं, आणि दिरांसमोर मिळालेला मान राहिला असता. तो मान बाईंना फार हवा होता, हे लपवण्यात अर्थ नाही. वहीत ‘ठीक’ लिहायला त्यांनी पेन उचललं आणि परत ठेवलं.

मग त्यांनी लेकीला फोन केला. “आहेस तशी माझ्या खोलीवर ये. मी तुला चुकीचं सांगितलंय.”

लेक धापा टाकतच आली. बाईंनी दिवा लावला आणि पट्ट्या दाखवल्या. लेक काचेवर वाकली.

“तीनदा?”

“तीनदा. आणि मी म्हणत होते, तिथे कोणी उघडतच नाही.”

“म्हणजे दोन्हीकडे उघडतात,” लेक हळूहळू म्हणाली. “पण इथे परत जोडतात.” तिने पुस्तकाबरोबर आलेली चिठ्ठी उचलली. तिच्यावर ग्रंथालयाचा नंबर होता. “आई, विचारूया का?”

“काय विचारणार?”

पण लेकीने नंबर लावलाही होता आणि फोन स्पीकरवर टाकला होता. दोन माणसांकडून पुढे ढकलला गेल्यावर एक घोगरा, वयस्क आवाज आला. “दुरुस्ती. बोला.”

लेकीने फोन आईपुढे धरला. बाईंनी घसा साफ केला. “तुमचं पुस्तक आलंय आमच्याकडे. त्यातला नकाशा तुम्ही जोडलाय का?”

“मीच. सुटला की काय?”

“छे हो! सुटतोय कसला. मी पण हेच काम करते. माझी मुलगी तुमच्याकडे शिकायला यावी की नाही, असं चाललंय. तुमच्याकडे नकाशे फार फाटतात का?”

पलीकडे हसू फुटलं. “बाई, भूगर्भशास्त्राच्या पोरांपुढे मी हात टेकलेत. नकाशा जमिनीवर पसरतात आणि वर गुडघे टेकून भांडतात. पण फाटला की स्वतः घेऊन येतात आणि जोडून होईपर्यंत समोर बसतात, तेवढं मी सक्तीचं केलंय. आपण काय फाडलं ते बघायला नको?”

लेक आईकडे बघून मान डोलवायला लागली. तिकडेच जायचं हे तिचं ठरलं होतं, बाईंना ते तिच्या चेहऱ्यावरच दिसलं.

“मी तुमची माफी मागायला हवी,” बाई म्हणाल्या. “बावीस वर्षं मला वाटत होतं, तुमच्याकडे कोणी वाचतच नाही.”

“कुठलं ग्रंथालय तुमचं?”

बाईंनी कॉलेजचं नाव सांगितलं. दिरांच्या यादीत दोनशे नावं होती, त्यात हे नव्हतं.

“कमाल आहे,” तो माणूस म्हणाला. “राग मानू नका, पण आम्ही तुमच्याबद्दल अगदी हेच म्हणतो. तुमच्याकडून येणारं पुस्तक कसं, कोरं करकरीत. आमचे साहेब म्हणतात, बिचाऱ्या कॉलेजात वाचायला कोणी नाही.”

बाई ताडकन उभ्या राहिल्या. आमच्या पोरांना कोणी असं म्हणावं? परीक्षेच्या आधी एका पुस्तकाला सहा-सहा जण लोंबकळतात!

“आत्ता आहे का तुमच्याकडे आमचं एखादं?”

“आहे. कालच आलंय.”

“मग उजेडावर धरा.”

पलीकडे खुर्ची सरकली, एक बटण दाबल्याचा आवाज आला आणि मग पानं उलटत राहिली, एकामागून एक. लेकीने आईचा हात घट्ट धरला.

“अरे देवा,” तो आवाज म्हणाला, अगदी हळू. “चाळीस वर्षं झाली मला या कामात. बाई, हे जोडकाम कोणी शिकवलं तुम्हाला?”

“कोणी नाही,” खळबाई म्हणाल्या. “करत करत आलं.”

“मुलीला पाठवा. आणि तिला सोडायला तुम्ही या. माझ्या हाताखालच्या माणसांना हे बघायचंय.”

बाईंना हो म्हणायचं होतं, पण त्या आधी बोटांवर रजेचे दिवस मोजू लागल्या. शेवटी लेकीनेच सांगितलं, “येईल. आई नक्की येईल.”