चंचीतलं कार्ड

आमचा नातू आदिनाथ हा घराण्यातला पहिला माणूस, ज्यानं मेंढरांऐवजी यंत्रं राखली. वाळूजच्या एका कारखान्यात तो कार्ड वाचणारे बोर्ड तपासायचा.

दुष्काळाचं साल. शहरात रोज नवी कॉलनी, अन् कन्नडजवळच्या आमच्या गावाला आठवड्याला एक टँकर. त्यात सरकारनं आमची लई काळजी वाहून पाण्याचं यंत्र बसवलं, आतला बोर्ड आदिनाथच्याच कारखान्याचा. कार्ड टेकवलं की हंडाभर पाणी. पाणी होतं, कार्डं होती, फक्त यंत्र कुणाला ओळख द्यायला तयार नव्हतं.

आदिनाथचे साहेब नानासाहेब जातीनं आले. "बायकांना कार्ड धरता येत नाही," म्हणाले अन् कार्ड कसं धरावं याचा रंगीत फलक लावून मोकळे झाले. फलक लई देखणा होता. हंडे कोरडेच.

मग आदिनाथला हुकूम सुटला, "सेन्सिटिव्हिटी फुल्ल कर! उद्या चाललं नाही तर तू मेंढरंच वळ."

कार्डाची कुजबुज बोर्डानं किती बारीक ऐकायची, याच्या आठ पायऱ्या असतात. कारखान्यात एसीतल्या टेबलावर फुल्ल म्हणजे आठवी पायरी झकास चालायची. इथं ठार बहिरी.

दुसऱ्या दिवशी आदिनाथ रांगेपाशीच बसला. माझी भावजय कस्तुराबाई आली, कमरेची तंबाखूची चंची काढली अन् घडीसकट यंत्रावर ठेवली.

"आजी, कार्ड बाहेर काढ की!"

"काढू अन् हरवू? मग पाणी तुझा साहेब पाजणार व्हय?"

बघतो तर निम्म्या रांगेची कार्डं चंचीतच! वर टाकीत पाणी चढवणारी मोटर शेजारीच घरघरत होती. कारखान्याच्या टेबलावर ना चंची, ना मोटर.

आदिनाथनं चंची मागून घेतली अन् मोटर चालू ठेवून एकेक पायरी चढला. तिसरीला कार्ड ऐकू येईना. चौथीला कधी येई, कधी नाय. पाचवीला दहापैकी दहा वेळा टुंग! सहावीला पुन्हा चुकू लागलं.

"साहेब, आठवीला त्याला नुसती मोटरच ऐकू येती."

"मी कालपासून तेच सांगतोय," नानासाहेब म्हणाले.

पाचवीवर रांग भराभर सरकली. अहवालात पाचवी पायरी नानासाहेबांनी स्वतः शोधली. आदिनाथची नोकरी राहिली, हंडे भरले. तेवढ्यावर साहेबांना हुशार म्हणायला आमची काय हरकत? सत्काराचा नारळ मीच दिला.