दाराबाहेरचा ण

गेल्या दोन-तीन महिन्यांत मी जितक्या भुतांना भेटले, तितक्या माणसांना भेटले नसेन. याला कारण माझी लेक. ती नोकरी सांभाळून भयकथा लिहिते हे मला बरीच वर्षं माहीत होतं, पण तिनं कधी एक ओळ दाखवली नव्हती. सगळा जन्म शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या आईला कोणती शहाणी मुलगी आपलं लिखाण दाखवेल? या वेळी मात्र तीच म्हणाली, "नवीन कथा पूर्ण होतेय. तुला देणार आहे. पण आधी या प्रकारचं काहीतरी वाच, आई. नाहीतर तू व्याकरणच तपासत बसशील."

नालासोपाऱ्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघीच असतो. ती सकाळी कामाला गेली की दिवस माझाच. मी कंबर कसून वाचायला बसले.

सुरुवात केली एका जाडजूड अद्भुत कादंबरीपासून. अनुवाद, तीन खंड, पहिल्याच पानावर नकाशा. नकाशात नद्या सात, राज्यं अकरा. दोनशे पानं झाली. घोडे झाले, शाप झाले, तलवारी झाल्या, पण त्यातल्या किल्ल्यांत पाणी कोण भरतं ते काही कळेना. माझं डोकं तिथेच अडकलं. मी मिठागराच्या काठी असलेल्या गावात वाढले. खाऱ्या जमिनीवर राहणाऱ्या माझ्या आईला गोड्या पाण्यासाठी दोन हंडे घेऊन किती चालावं लागायचं, ते मी पाहिलंय. सात नद्यांच्या राज्यात एकाही बाईच्या डोक्यावर हंडा नाही, यापेक्षा आग ओकणाऱ्या ड्रॅगनवर विश्वास ठेवणं मला सोपं गेलं. दुसरा खंड अजून तसाच पडलाय.

मग लेकीच्या कपाटातलं एक जपानी चित्रकथेचं पुस्तक काढलं. ते उलट्या बाजूनं वाचायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी आपल्या रीतीनं उघडलं, तर पहिल्याच पानावर नायिका मेलेली. पुढे पुढे ती सुधारत गेली आणि शेवटी दप्तर घेऊन शाळेला निघाली. खरं सांगायचं तर मला ती गोष्ट आवडली होती. लेकीनं खुलासा केल्यावर मजा गेली.

एक वेबमालिका पाहिली. तिच्यात आमच्या इथल्या चिंचोटीसारखा धबधबा आणि त्याखाली पांढऱ्या साडीतली बाई. आता पावसाळ्यात चिंचोटीला जाणाऱ्यांनी घाबरायचं तर शेवाळलेल्या खडकाला घाबरावं, ती बाई बिचारी काय करणार! आवाज बंद करून पाहिलं, तर नुसती माणसं एकामागून एक कपाटं उघडताना दिसली. फोनवरचा एक खेळही खेळले. तो प्रत्येक वळणावर विचारायचा, दार उघडायचं का? मी दर वेळी उघडायचे आणि दर वेळी मरायचे.

मला खरं घाबरवलं ते ऑडिओ कथांनी. सकाळी गच्चीवर फेऱ्या मारताना त्या ऐकायचे. पडद्यावर भूत आलं की ते कसं दिसतं ते एकदाचं ठरतं आणि विषय मिटतो. आवाजाचं तसं होत नाही. ओळखीच्या आवाजात कुणीतरी हाक मारतं, आणि आपण इअरफोन काढून मागे वळून बघतो. माझ्या फेऱ्या वाढत गेल्या. घरात बसवेना. पुस्तक उघडायचं, चार पानांवर पालथं ठेवायचं, फोन उचलायचा, पुन्हा जिना चढायचा. लेक म्हणाली, "तू गोष्टी वाचतेयस की परीक्षेला बसतेयस?"

परीक्षेलाच बसले होते. तिनं मला तिच्या त्या जगात एकदा आत घ्यावं, एवढीच माझी इच्छा होती, आणि ते आपल्या हातून बिघडेल अशी धास्तीही होती.

एका सोमवारी कामावर जाताना तिनं जेवणाच्या टेबलावर छापलेली पानं ठेवली. कथा साधी होती. भर दुपारी एक मुलगी घरात एकटी आहे. दाराची कडी वाजते आणि बाहेरून तिच्या वारलेल्या आजीचा आवाज येतो. "कोन हाय का घरान? पानी दे गो बाय. घसा सुकला." आजी या जगात नाही हे मुलीला पक्कं ठाऊक आहे. तरी ती दार उघडते, कारण तसं बोलणारं तिच्यासाठी दुसरं कुणी उरलेलं नाही.

वाचून मी रडले. पदरानं डोळे पुसले आणि लाल पेन घेतलं.

माझा हात आपोआप चालत होता. 'कोन'चं 'कोण' केलं. 'पानी'चं 'पाणी' केलं. जिथे जिथे आजी बोलली, तिथे तिथे मी 'न' खोडून वर 'ण' काढला. शेवटच्या पानावर लिहिलं, 'कथा फार सुंदर. शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे.' आणि खाली, सवयीनं, सही केली.

संध्याकाळी लेक आली. खांद्यावरची पर्सही न काढता तिनं उभ्याउभ्या पानं चाळली. ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती अगदी हळू म्हणाली, "तू आजीला पुन्हा दुरुस्त केलंस."

'पुन्हा' म्हणजे काय, ते मला विचारावं लागलं नाही.

लेक सहा वर्षांची असताना, तेव्हा आमच्याकडेच राहणारी माझी आई तिला घेऊन आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला आली होती. मुख्याध्यापिका शेजारी उभ्या होत्या. आईनं मला विचारलं, "जरा पानी मिलंल का?" मी हसून म्हटलं, "पाणी, आई. पाणी." चौथीच्या वर्गात बोलायचे त्याच सुरात. मुख्याध्यापिका हसल्या. आईही हसली. लेक तिचं बोट धरून उभी होती.

त्यानंतर आईनं माझ्यासमोर तो शब्द कधी उच्चारला नाही. तहान लागली की रिकामा पेला नुसता पुढे करायची. शेवटच्या आजारपणातसुद्धा तेच. मी शाळेत गेले की मात्र नातीशी दुपारभर तिच्या बोलीत भरभरून बोलायची. म्हणून लेकीच्या कानात ती बोली राहिली.

मी पण लहानपणी तशीच बोलायचे. आईला 'आये' म्हणायचे. शिक्षिकेचा कोर्स करताना एका बाईंनी मला वर्गासमोर उभं करून माझा न सगळ्यांना ऐकवला, आणि मी उन्हाळ्याच्या एका सुट्टीत ण घोटून घोटून पक्का केला. त्याचा मला अभिमान होता. खोटं कशाला बोलू, अजूनही थोडा आहे.

पंधरा दिवस आमच्यात दूध संपलंय आणि गॅस आलाय एवढंच बोलणं झालं. मग एकदा भाजी निवडताना ती म्हणाली, "कथा एका ऑडिओ मालिकेत घेतायत. मुलीचा आवाज मी देणार. आजीचा तू दे. तुझ्याशिवाय कोण आहे?" मला गवार धड दिसेना, इतकं भरून आलं. म्हटलं, देते. त्यात काय, माझीच तर बोली.

रविवारी दुपारी आम्ही बेडरूमच्या खिडकीवर आणि कपाटांवर गोधड्या टांगल्या. पंखा बंद केला. खाली भंगारवाला ओरडत होता, तो जाईपर्यंत थांबलो. लेकीनं माइक माझ्यापुढे धरला.

"पाणी दे गो बाय."

"आई, न."

"पाणी दे गो—"

"आई!"

घामाच्या धारा लागल्या. जीभ वर वळायची ती वळायचीच. मी तिला दाबून खाली ठेवली तेव्हा 'पानी' आलं खरं. गॅदरिंगच्या नाटकात गावंढळ बाईचं काम करणारी मुलगी बोलते, तसं ते होतं. लेक म्हणाली, "हे नको. ही नक्कल झाली." मी चिडून तिच्या हातातला माइक खाटेवर टाकला आणि हॉलमध्ये येरझाऱ्या घालू लागले.

शाळेत माझी एक सहकारी होती, वसईजवळच्या गिरीज गावची. स्टाफरूममध्ये माझ्याइतकंच शुद्ध बोलायची आणि तिच्या आईचा फोन आला की तत्क्षणी त्यांच्या वाडीतल्या बोलीत शिरायची. फोन ठेवला की पुन्हा, "हं, तर मी काय म्हणत होते?" तुला दोन जिभा आहेत, म्हणून मी तिला चिडवायचे. त्या आठवड्यात मला तिचा फार हेवा वाटला. मी फिल्टरसमोर उभी राहून पानी, पानी म्हणत होते. झाडांना घालताना म्हणत होते. पुढच्या रविवारी माइक समोर आला आणि पहिल्याच वाक्याला ण.

लेकीनं रेकॉर्डिंग थांबवलं. "राहू दे," ती म्हणाली. "तुला जसं येतं तसंच बोल. मी बघते काय करायचं ते." मी माझ्या पद्धतीनं बोलले. एका दमात झालं. तिनं मला पुन्हा बोलायला लावलं नाही. सांभाळून घेतलं पोरीनं, असं मला वाटलं.

मागच्या शनिवारी ती कथा आली. मी इअरफोन घालून गच्चीवर गेले. तिच्यासमोर ऐकायची लाज वाटत होती. दुपार, पंख्याची घरघर, कडी वाजल्याचा आवाज. मग मी. "पाणी दे गो बाय. घसा सुकला." मुलीची पावलं दारापर्यंत धावत येतात आणि थांबतात.

लेकीनं शेवट बदलला होता.

"माझी आजी असं बोलायची नाही," मुलगी म्हणते. आणि ती कडी काढत नाही. बाहेरून पाणी मागणं चालूच राहतं, स्पष्ट, स्वच्छ, ण जिथल्या तिथे. विनवण्या होतात, मग नुसती ती एकच ओळ पुन्हा पुन्हा. मुलगी दाराला पाठ लावून बसून राहते. दार शेवटपर्यंत बंदच.

इतक्या पुस्तकांनी आणि मालिकांनी जे केलं नाही, ते माझ्याच आवाजानं केलं. मी घाबरून इअरफोन काढले. पोरीचं काही चुकलेलं नव्हतं. माझ्या आईनंसुद्धा त्या आवाजाला दार उघडलं नसतं.

मी खाली आले आणि बेल दाबली. लेकीनं दार उघडलं. माझ्या चेहऱ्याकडे बघून तिनं विचारलं, "कशी वाटली?"

घशाला कोरड पडली होती. मी आत जाऊन ओट्यावरचा रिकामा पेला उचलला आणि तिच्यापुढे धरला.